अडगळीच्या खोलीचा इतिहास

आमच्या घराला तीन खोल्या आहेत असं मी लोकांना सांगत आलो, पण वापरात दोनच होत्या. तिसरी मागची, दहा बाय अकरा फुटांची. तिचं दार आत उघडतं आणि गेली सात-आठ वर्षं ते अर्धंच उघडत होतं. अंग चोरून आत शिरायचं, हातातलं काय ते ठेवायचं आणि दार ओढून घ्यायचं. आमची ही होती तोवर वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी, माझ्याशी भांडून ती खोली निदान झाडून काढायची. ती गेली आणि भांडणही गेलं. खोली मात्र वाढतच राहिली.

आत काय काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या घरातली खोली आठवेल. सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे. माझ्या ३४ वर्षांच्या मास्तरकीतली टिपणं. तांब्याचा बंब. पाटा आहे पण वरवंटा नाही. दोन वातीचे स्टोव्ह. मुलाचा पाळणा आणि त्याचीच पुढे आठवीत घेतलेली सायकल. बंद पडलेला ट्रान्झिस्टर. टीव्हीचा, मिक्सरचा, पंख्याचा खोका, त्यातल्या वस्तू कधीच मोडीत गेल्या तरी. हिच्या साड्यांची पेटी. आणि सगळ्यात तळाशी वडिलांची लोखंडी ट्रंक, जिच्यावर इतर सगळं रचलेलं असल्यामुळे तिला १५ वर्षांत कोणी हात लावला नव्हता.

गेल्या आषाढात अक्काचा फोन आला. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, ८१ पूर्ण. यजमान गेल्यापासून सदाशिव पेठेत एकटीच राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुली दोघी लांब. म्हणाली, "अरे, आज भाजी आणायला खाली उतरले आणि जिन्यातच बसून राहिले. वर जाता येईना." हे ती हसत हसत सांगत होती. मी म्हटलं, "अक्का, दसऱ्याला इकडे राहायला ये. आमचं घर बैठं आहे. मागची खोली तुझी."

फोन ठेवला आणि मग मला कळलं की मी काय बोलून बसलो आहे.

घर आवरण्याचा संकल्प मी पूर्वीही सोडला होता. दर गुढीपाडव्याला सोडायचो. सूनबाईने एकदा फोनवर मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंची चित्रफीत पाठवली. या बाईंचं पुस्तक जपानमध्ये २०११ साली आलं आणि मग जगभर गाजलं. त्यांचं म्हणणं असं की एकेक वस्तू हातात घ्या आणि मनाला विचारा, हिने आनंद होतो का? होत असेल तर ठेवा, नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्या. मी प्रामाणिकपणे करून पाहिलं. पहिलीच वस्तू हाती आली ती १९८० च्या सुमाराची रेशनकार्डाची जुनी प्रत. आनंद मुळीच झाला नाही. पण टाकवेनाही. मग स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन बाईंबद्दल वाचलं. त्यांचं पुस्तक २०१७ चं. आपण गेल्यावर मागच्यांना आपल्या पसाऱ्याचा त्रास होऊ नये म्हणून आपणच हयातीत आवरून ठेवावं, अशी त्यांच्याकडची रीत आहे म्हणे. हे मला जास्त पटलं. पण पटणं वेगळं आणि शिडी लावून माळ्यावर चढणं वेगळं. मरण ही काही तारीख नाही. तारीख नसेल तर माणूस हलत नाही, हे परीक्षेच्या वेळापत्रकावर आयुष्य काढलेल्या मास्तराने तुम्हाला सांगायला नको.

आता तारीख मिळाली होती.

पण आधी मनात दुसराच प्रश्न घोळू लागला. मी इतिहास शिकवला आहे, तेव्हा खोड जात नाही. आपण एवढं साठवतो का? आणि आपल्या गावात, म्हणजे या खडकी-पुण्यात, घरं रिकामी झाली ती कधी आणि कशी?

या प्रश्नाचं पहिलं उत्तर आमच्या दारातच आहे. ५ नोव्हेंबर १८१७. खडकीच्या लढाईचा दिवस. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन संगमावरच्या बंगल्यात राहत असे. तो मोठा पुस्तकवेडा माणूस. त्या दुपारी पेशव्यांची फौज बाहेर पडली, तेव्हा तो जवळच्या माणसांसह बंगला सोडून निघाला आणि नदी ओलांडून खडकीच्या पलटणींना जाऊन मिळाला. इकडे मराठ्यांनी रेसिडेन्सी लुटली आणि पेटवून दिली. त्याची पुस्तकं, टिपणं, कागदपत्रं, सगळं एका दिवसात राख झालं. गणेशखिंडीच्या बाजूच्या मैदानावर बापू गोखल्यांच्या सैन्याशी लढाई झाली, तिचा निकाल आपल्याला माहीत आहे. १७ नोव्हेंबरला पुण्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

वर्गात मी ही लढाई दर वर्षी शिकवत असे. मोरो दीक्षितांचं पडणं, पर्वतीवरून पाहणारा बाजीराव, सगळं रंगवून सांगत असे. पण ज्याचं घर जळलं त्या माणसाचा विचार मी या वर्षी पहिल्यांदा केला. एका माणसाचं सगळं दप्तर जळलं, आणि पुढच्याच वर्षी तोच माणूस पेशव्यांच्या मुलखाचा कमिशनर म्हणून त्यांच्या दप्तराचा ताबा घेणाऱ्यांचा मुख्य होता. पेशव्यांचे कागद इंग्रजांनी जपले ते काही इतिहासप्रेमाने नव्हे. सारा कोणाकडून किती घ्यायचा, कोणाला काय इनाम आहे, हे त्या कागदांत होतं म्हणून. ते कागद आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो, तिथे हजारो रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागद ज्या फडक्यात बांधतात ते फडकं. आणि दप्तर म्हणजे ते सगळं मिळून. तोच शब्द पुढे पोरांच्या पाठीवर गेला. मी मुलांना विचारायचो, "दप्तर आवरलं का रे?" तेव्हा एकाही पोराला ठाऊक नसायचं की आपल्या पाठीवर केवढा फारसी शब्द लटकतो आहे. असो.

कागद टाकवत नाही याचं मूळ मला वाटतं पुढच्या एका प्रकरणात आहे. १८५२ साली ११वा कायदा झाला आणि इनाम कमिशनला बळ मिळालं. ज्याच्याकडे इनाम जमीन असेल त्याने ती कोणत्या हक्काने आहे ते दाखवायचं. सनद कुठे आहे? कोणी दिली? कधी दिली? आजोबा-पणजोबांपासून कसलेली जमीन, पण कागद उंदरांनी खाल्लेला किंवा भावकीच्या भांडणात गहाळ झालेला. दाखवता आला नाही की इनाम खालसा. कितीतरी घराण्यांची इनामं अशी गेली, आणि १८५७ च्या आधीच्या असंतोषाची जी कारणं पुस्तकांत येतात त्यांत हे एक असतं. आमच्याकडे इनाम कधीच नव्हतं. पण "कागद टाकू नये, कधी कोण विचारील सांगता येत नाही" हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडी होतं, वडिलांच्या होतं आणि माझ्याही आहे. भीती अशी घराघरांतून उतरत येते. रेशनकार्डाची बाद झालेली प्रत मला टाकवली नाही, तेव्हा माझ्या हातात हीच भीती होती.

आणि गंमत अशी की ज्या घरांनी कागद सांभाळले त्यांनाही पुढे ते काय आहेत हे सांगता येईना. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव हिंडले ते याच कागदांसाठी. माळ्यावर, बळदात, पेटाऱ्यात मोडी कागदांची बासनं पडलेली आणि घरातल्या कोणाला मोडी येत नाही. वाळवी, पाऊस आणि रद्दीवाला यांच्याशी राजवाड्यांची शर्यत होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, एकूण २२ झाले. १९१० साली त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. एवढं सगळं वाचलेला मी, आणि मला हे कधी सुचलं नाही की माझ्या मागच्या खोलीतल्या कागदांचीही तीच गत होणार आहे. मुलाला मराठी वाचता येतं. नातीला येत नाही. वाळवी लागायला शंभर वर्षं थांबायची गरज नाही.

घरं रिकामी व्हायची ती मात्र बहुतेक वेळा कोणाच्या इच्छेने नव्हे. १८९७ चा प्लेग घ्या. रँडच्या कमिटीने मार्च ते मे गोऱ्या सोजिरांकडून पुण्यातल्या घरांच्या झडत्या घेतल्या. संशय आला की रोग्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामान रस्त्यावर, त्यातलं कितीतरी जाळलेलं, आणि भिंतींना चुना. देवघरापर्यंत बूट गेले, याची चीड केवढी होती ते २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी दाखवलं. पुढेही बरीच वर्षं प्लेगची साथ फिरून फिरून यायची. आजी सांगायची, उंदीर पडला की सगळं गाव रानात झोपड्या बांधून राहायला जायचं. मी विचारायचो, "मग बरोबर काय न्यायचीस?" ती बोटं मोडायची: देव, तवा, पातेलं, घोंगडं, मिठाची बरणी. पाच बोटांत संसार. परत आल्यावर उरलेलं घर तिला कसं वाटायचं, हे विचारायला पाहिजे होतं. राहिलं.

आमच्या घरची सक्तीची आवराआवर झाली ती १९७४ साली. वडील इथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. हा कारखाना १८६९ चा, आणि खडकीतली निम्मी घरं त्याच्या भोंग्यावर उठायची. वडील निवृत्त झाले आणि रेंजहिल्सचं क्वार्टर सोडायचं होतं. सरकारी क्वार्टरचं बरं असतं, त्याला तारीख असते. तीन आठवड्यांत आईने २५ वर्षांचा संसार दोन हातगाड्यांत बसवला. जुने कपडे बोहारणीला, मोडकी पितळ मोडीला, लाकूड बंबात. आई कधी कोणतं पुस्तक वाचून आवरायला शिकली नव्हती. दसऱ्याआधी फडताळं पुसायची, दिवाळीआधी माळा काढायची, आणि लक्ष्मीपूजनाला केरसुणीचीच पूजा करायची. लक्ष्मी यायची तर आधी अवदसा बाहेर काढावी लागते, एवढा साधा हिशोब.

वस्तू टाकायचं दुसरं टोक म्हणजे विनोबा. तरुणपणी बडोद्याला त्यांनी आईसमोर आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली, आणि १९१६ साली परीक्षेला म्हणून निघाले ते काशीलाच गेले. मी हा प्रसंग वर्गात सांगितला की मुलं खूष व्हायची. मी मात्र माझं बी. ए. चं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी फायलीत आणि फाईल कपाटात ठेवत असे. आपण विनोबा नाही हे कळायलाही वय लागतं.

तर श्रावणात सुरुवात केली. यावेळी "खोली आवरायची" असं मनाशी म्हटलंच नाही. कारण खोली कधी आवरून होत नाही. कालनिर्णयवर दसऱ्याला लाल गोल केला आणि जमिनीवर खडूने अक्काची खाट आखली. सहा फूट बाय तीन. खाटेपासून दारापर्यंत काठी टेकत यायला अडीच फुटांची वाट आखली, आणि दारापासून संडासापर्यंत तशीच दुसरी. एवढी जमीन उघडी झाली पाहिजे, बाकीचं काय व्हायचं ते होवो. रोज सकाळी चहानंतर एक तास. पंख्याखाली, खुर्चीत बसून. शिडीवर चढायचं नाही अशी मुलाची ताकीद होती, माळ्यावरचं काढायला शेजारचा मुलगा रविवारी यायचा. किती टाकलं हे मोजायचं नाही, खडूची रेघ किती उघडी झाली तेवढं बघायचं. पहिल्या आठवड्यात वीतभर. पण ती वीत डोळ्यांना दिसायची आणि दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळायचे.

काही गोष्टी सोप्या गेल्या. खोके एका सकाळीत संपले. माझी टिपणं चाळली तर एकच धडा २० वर्षांत ११ वेळा लिहिलेला, शब्दही बदललेले नाहीत. रद्दीत दिली आणि थोडी लाज वाटली ती टिपणांची नव्हे, त्या ११ वर्गांची. दिवाळी अंक एका वाचनालयाला देऊ केले तर त्यांनी नम्रपणे सांगितलं की त्यांच्याकडेच ठेवायला जागा नाही. ते बरोबरच होतं. आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं म्हणजे आवरणं नव्हे. शेवटी दहा अंक ठेवले. भालचंद्र नेमाड्यांच्या २०१० सालच्या कादंबरीच्या नावातच अडगळीला समृद्ध म्हटलं आहे. ते मला पूर्ण मान्य आहे, पण नेमाड्यांना अक्काची खाट टाकायची नव्हती.

बंबाने मात्र दोन दिवस खाल्ले. मोडीत तांब्याला भाव चांगला आहे. पण दिनकर केळकर आठवले. लोक ज्या अडकित्त्यांना, दिव्यांना, वज्रींना मोडीत घालत होते त्या त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गोळा केल्या, आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभं केलं. आज तिथे जाऊन आपण आपल्याच आजीच्या स्वयंपाकघराला तिकीट काढून बघतो. म्हणून मग सगळंच ठेवायचं का? केळकरांनी हजारो बंबांतून एखादा उचलला असेल. माझ्या बंबाला पोचा आहे, नळी गळते, आणि त्याच्याबद्दल मला सांगण्यासारखं एकच आहे की थंडीत त्याच्याजवळ बसून मी पाढे पाठ केले. ते पाढे माझ्याजवळ आहेत. बंब गेला.

हिच्या साड्यांची पेटी मी उघडली नाही. मुलीला बोलावलं, ती दोन दिवस रजा काढून आली. मी त्या दोन दिवसांत सकाळी जो बाहेर पडलो तो होळकर पुलापर्यंत चालत जायचो आणि जेवायला परत यायचो. तिने काय ठेवलं, काय दिलं हे मी विचारलेलं नाही. जाताना तिने माझ्या खाटेवर एक गोधडी घडी करून ठेवली होती, शिवायला टाकली तेव्हा मला कळलंही नाही. त्यातले तीन तुकडे मला ओळखता येतात.

भाद्रपद संपता संपता वडिलांची ट्रंक मोकळी झाली. आत त्यांचे नोकरीचे कागद, फॅक्टरीच्या सोसायटीची पासबुकं, माझी प्रगतिपुस्तकं आणि तळाशी एका फडक्यात, चक्क रुमालात, बांधलेले चार-सहा कागद. त्यात एक कार्बनखालची प्रत. निळी अक्षरं फिकी झालेली, पण हस्ताक्षर मी लगेच ओळखलं. अक्काचं. वर लिहिलं होतं: पुरात वाहून गेलेल्या व नादुरुस्त झालेल्या सामानाची यादी.

१२ जुलै १९६१. मी ११ वर्षांचा होतो. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याचंही फुटलं, आणि मुठेने काठच्या पेठा धुऊन नेल्या. अक्का तेव्हा नुकतीच एस. एस. सी. होऊन कॉलेजात गेली होती, आणि खडकीहून लांब पडतं म्हणून नारायण पेठेत मावशीकडे राहत होती. मावशी विधवा, मूलबाळ नाही. दोघी नेसत्या वस्त्रानिशी उंचावरच्या ओळखीच्या घरी पळाल्या म्हणून वाचल्या. पाणी ओसरल्यावर वडील मला घेऊन तिकडे गेले. मला आठवतो तो वास. चिखल, कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं. मावशीच्या खोलीत गुडघाभर गाळ, आणि त्या गाळाला वरून सुंदर साय धरलेली, सपाट. माझ्या आयुष्यात मी इतकी रिकामी खोली पाहिली नव्हती. मावशी उंबऱ्यावर बसून होती. ती रडत नव्हती, हे मला घरी आल्यावर विचित्र वाटलं. धरणच गेल्यामुळे शहराला पुढे कितीतरी दिवस नळाचं पाणी नव्हतं. ज्या पाण्याने घर नेलं, ते घर धुवायला पाणी नाही.

मदतीच्या अर्जाला जोडायला ही यादी केलेली. मावशीला लिहिता यायचं नाही, म्हणून अक्काने लिहिली. तांब्याचा बंब १. पितळी पातेली लहानमोठी ७. घागरी २. गाद्या ३. लाकडी पेटी १. गहू, तांदूळ. शिवणयंत्र १. देव्हारा देवांसह १. आणि शेवटी: कॉलेजची पुस्तके ५. पुढे किमतींचा रकाना, त्यात शिवणयंत्रापुढे सगळ्यात मोठा आकडा, आणि देव्हाऱ्यापुढे नुसती आडवी रेघ.

मी त्या दिवशी पुढे काही आवरलं नाही. मास्तरातला मास्तर जागा झाला होता. जिला आपण प्राथमिक साधन म्हणतो ते माझ्या हातात होतं! एका पुणेरी विधवेच्या १९६१ सालच्या संसाराची तंतोतंत यादी. एखाद्या संस्थेला द्यावी, त्यावर लेख लिहावा, असं काय काय मनात आलं. विशेषतः ते शिवणयंत्र. साठ सालच्या आसपास मध्यमवर्गीय एकट्या बाईकडे शिवणयंत्र असणं म्हणजे काय, यावर मी मनातल्या मनात दोन परिच्छेद लिहूनही टाकले.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी अक्का आली. खडूच्या रेघा मी मुद्दाम पुसल्या नव्हत्या. तिने काठी टेकत दारापासून खाटेपर्यंतची वाट चालून बघितली, खिडकी उघडली, म्हणाली, "उजेड छान येतो रे इथे. तू एवढी वर्षं खोक्यांना उजेड दाखवत होतास होय!" चहा झाल्यावर मी तो कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा बदलला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. देव्हाऱ्यापाशी थांबली. मग एकदम हसायला लागली, एवढी की डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, मावशीकडे शिवणयंत्र कधी नव्हतंच."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"नव्हतं म्हणजे नव्हतं. पेटीपर्यंत सगळं खरं आहे. यंत्राचं दादांनी लिहायला सांगितलं."

दादा म्हणजे आमचे वडील. कारखान्याच्या फाटकावर रोज संध्याकाळी झडती व्हायची आणि उभ्या नोकरीत ज्यांनी तिथला एक खिळा घरी आणला नाही, ते. माझ्या हातून शाळेचा खडू खिशात घरी आला तर जे दुसऱ्या दिवशी परत द्यायला लावत, ते. मी अक्काला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "त्यांनीच कार्बन घातला होता. म्हणाले, पातेली भरून मिळतील, पण पातेल्यात घालायला काय? बाईला हाताला काम पाहिजे. लिही, शिवणयंत्र एक. मी म्हटलं, दादा, हे खोटं आहे. तर म्हणाले, तू लिही, सही माझी आहे."

साक्षीदार म्हणून खाली वडिलांची सही होती. ती मी पाहिली होती, पण वाचली नव्हती.

मदतीचे पैसे आले, त्यात थोडे वडिलांनी घातले आणि मावशीने जुनं यंत्र घेतलं. पुढची १८ वर्षं ती त्या यंत्रावर पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवून जगली. अक्काची कॉलेजची फी त्यातूनच गेली. मला हे काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, मावशी पहिल्यापासूनच शिवायची.

अक्का दसऱ्याला न येता पुढच्या वर्षी आली असती, किंवा आलीच नसती, तर तो कागद मी कोणाला तरी देऊन बसलो असतो, आणि त्यावर विसंबून कोणीतरी लिहिलं असतं की १९६१ साली नारायण पेठेत एका विधवेकडे शिवणयंत्र होतं. कागद खरा, सही खरी, तारीख खरी. मी तो पालथा केला, पाठीमागे पेन्सिलीने अक्काने सांगितलेलं सगळं तिच्याच शब्दांत लिहिलं, खाली आजची तारीख घातली आणि तिला सही करायला लावली. ती म्हणाली, "आता मला पकडायला येणार का रे?"

रात्री जेवताना ती जरा घुटमळत बोलायला लागली. तिच्या घरचं बाकीचं सामान मुली बघणार होत्या, पण एक गोष्ट तिला इकडे आणायची होती. जड आहे, लोखंडी पायांची आहे, पण चालते अजून. मावशीने जाताना तिला दिली होती.

सकाळी मी खडू शोधला. खाटेच्या पायथ्याशी, खिडकीखाली, उजेड पडतो तिथे तीन फूट बाय दीड फुटाचा चौकोन आखला. तिथे अजून वडिलांची ट्रंक आहे.